चालत्या माणसाचा पत्ता बदलू नये

कारखाने, गोदामं, रुग्णालयं आणि आयटी पार्क इथल्या वायफायची मांडणी करणं हे माझं काम. चाकण असो की भिवंडी, एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: "रेंज फुल्ल आहे, पण चालायला लागलं की तुटतं." खोदून पाहिलं तर पुष्कळदा कारण तेच निघतं. माणूस एका अ‍ॅक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे गेला आणि त्याच पावलाला एका सबनेटमधून दुसऱ्या सबनेटमध्येही गेला. पहिला बदल वायफाय स्वतः सांभाळून घेतं. दुसरा सांभाळणं ही नेटवर्क उभारणाऱ्याची जबाबदारी असते. ती पार पाडताना जे शिकायला मिळालं, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमाने मांडतो.

१. नेमकं काय तुटतं ते आधी समजून घ्या

गोदामात माल काढणाऱ्या मुलाच्या हातात स्कॅनर असतो. कितीतरी ठिकाणी त्यावर अजूनही टेलनेटचा साधा पडदा चालतो: रॅकचा क्रमांक, मालाचा कोड, किती नग काढायचे. सकाळी त्याने लॉगिन केलं तेव्हा स्कॅनरचा पत्ता होता १०.२०.१.५७. टीसीपीची जोडणी चार गोष्टींवरून ओळखली जाते: इकडचा पत्ता, इकडचा पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचा पोर्ट. यातली एक जरी बदलली तरी ती जोडणी संपली.

आता हा मुलगा माल घेऊन डिस्पॅचच्या दाराशी आला आणि तिथलं सबनेट १०.२०.२.० असलं, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. स्कॅनरने जुना पत्ता धरून ठेवला, तर त्या सबनेटमध्ये त्या पत्त्याला कोणी ओळखत नाही आणि पॅकेट जातच नाहीत. स्कॅनरने नवा पत्ता घेतला, तर सर्व्हरच्या लेखी तो नवाच कोणीतरी असतो. जुनं सत्र सर्व्हरवर तसंच अडकून राहतं आणि अर्धवट काढलेली ऑर्डर त्याच्याबरोबर अडकते. या सगळ्यात रेंजचे दांडे मात्र पूर्ण भरलेले दिसतात.

ब्राउझरवर काम करणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, कारण ब्राउझर हवी तेव्हा नवी जोडणी उघडतो. म्हणून तक्रार आली की पहिला प्रश्न विचारा: तुम्ही कुठलं अ‍ॅप वापरत होतात?

२. कधी हलायचं हे उपकरण ठरवतं

८०२.११ हे मानक १९९७ साली आलं, तेव्हापासून हा अधिकार क्लायंटकडे आहे. एका अ‍ॅक्सेस पॉइंटला सोडून दुसऱ्याला कधी धरायचं, हे फोन, स्कॅनर किंवा लॅपटॉप ठरवतो. प्रत्येक कंपनीचे आडाखे वेगळे असतात. अ‍ॅपलने आपले जाहीर केले आहेत: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की आयफोन दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधायला लागतो. डेटा चालू असेल तर नवा किमान ८ डीबीने सरस असावा लागतो आणि फोन शांत असेल तर १२ डीबीने. मॅकचा उंबरठा उणे ७५ आहे. म्हणजे एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाचा फोन आणि लॅपटॉप वेगवेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर असू शकतात, आणि आपण सीमा तिथे आखली असेल तर वेगवेगळ्या सबनेटमध्येही.

आपल्या हातात उरतं ते वातावरण. ट्रान्समिट पॉवर आटोक्यात ठेवणं, अगदी खालचे डेटा रेट बंद करणं, ८०२.११के आणि ८०२.११व्ही चालू करून उपकरणाला शेजाऱ्यांची यादी आणि सल्ला देणं. आवाजासाठी उणे ६७ डीबीएमची कडा धरून शेजारच्या दोन सेलमध्ये १५ ते २० टक्के आच्छादन ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळावा. उपकरण शहाणपणाने वागेल अशी परिस्थिती तयार करता येते. त्याला हुकूम करता येत नाही.

३. अ‍ॅक्सेस पॉइंटचं सबनेट आणि माणसाचं सबनेट वेगळं असतं

नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. कंट्रोलर असलेल्या मांडणीत अ‍ॅक्सेस पॉइंट कॅपवॅपच्या टनेलने कंट्रोलरशी जोडलेला असतो. कॅपवॅप २००९ साली आरएफसी ५४१५ म्हणून प्रसिद्ध झालं. नियंत्रणासाठी यूडीपी ५२४६ आणि डेटासाठी ५२४७ हे त्याचे पोर्ट. डेटा या टनेलमधून कंट्रोलरपर्यंत जाऊन तिथे नेटवर्कमध्ये उतरतो. त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः कुठल्याही मजल्याच्या, कुठल्याही सबनेटमध्ये असले तरी वापरकर्त्याला फरक पडत नाही. वापरकर्त्याचं सबनेट ठरतं ते कंट्रोलरवर त्याच्या एसएसआयडीला जो व्हीलॅन जोडला आहे त्यावरून. एका कंट्रोलरवर एकाच व्हीलॅनखाली सगळी इमारत असेल, तर सबनेट ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. तो येतो दोन कंट्रोलर वेगवेगळे व्हीलॅन वापरतात तेव्हा, किंवा एकाच कंट्रोलरवर आपण ठिकाणानुसार व्हीलॅन वाटतो तेव्हा.

४. सबनेट मजल्यावरून पाडू नका, कामावरून पाडा

वायर्ड नेटवर्कमध्ये दर मजल्याला एक व्हीलॅन आणि एक /२४ अशी सवय असते. तिथे ती योग्य आहे, कारण डेस्कटॉप चालत नाही. वायफायवर तीच सवय नेली की जिना चढणारा प्रत्येक माणूस सबनेट ओलांडतो.

मोठ्या सबनेटची भीती पूर्वी खरी होती. ब्रॉडकास्ट सगळ्यात खालच्या सक्तीच्या डेटा रेटने हवेत जातो आणि सगळ्यांचा वेळ खातो. पण आता कंट्रोलर एआरपीची उत्तरं स्वतः देतात आणि नको तो ब्रॉडकास्ट हवेत जाण्याआधी अडवतात. ही दोन्ही कामं नीट चालू असतील तर /२१, म्हणजे २०४६ पत्त्यांचं सबनेट वायफायवर निर्धास्त चालतं. आवाजाची उपकरणं एका सबनेटमध्ये, स्कॅनर दुसऱ्या, पाहुणे तिसऱ्या, आणि प्रत्येक सबनेट सगळ्या इमारतीभर, अशी मांडणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. व्हीएक्सलॅनवर उभारलेल्या नव्या कॅम्पस नेटवर्कमध्ये हे आणखी सोपं झालं आहे, कारण तिथे प्रत्येक स्विचवर तोच गेटवे, त्याच पत्त्याने ठेवता येतो. सबनेट ओलांडायची वेळच येऊ न देणं, ही या विषयातली पहिली आणि सगळ्यात मोलाची उपाययोजना.

५. सीमा आखायचीच असेल तर भिंतीवर आखा, वाटेवर नको

दोन इमारती, दोन कंट्रोलर, वेगळे सुरक्षा नियम: काही ठिकाणी सीमा टळत नाही. मग ती कुठे पडेल हे नकाशावर न ठरवता जागेवर उभं राहून ठरवावं. मजल्याची फरशी ही रेडिओची सीमा नसते. मधे मोकळा चौक असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या फोनला तिसऱ्या मजल्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट स्वच्छ ऐकू येतो, आणि माणूस खुर्चीतून न उठता दिवसभर दोन सबनेटमध्ये ये-जा करत राहतो.

रुग्णालयात जुन्या आणि नव्या इमारतीला जोडणारा पूल असतो. नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर सगळे फोनवर बोलत त्यावरून जातात. त्या पुलाच्या मध्यावर सीमा पडता कामा नये. पूल आणि त्याच्या दोन्ही टोकांची दालनं एकाच बाजूच्या कंट्रोलरला द्यावीत आणि सीमा जाड भिंतीपर्यंत, जिथे बोलत चालणारी माणसं कमी, तिथे सरकवावी.

शेजारशेजारचे अ‍ॅक्सेस पॉइंट आलटून पालटून दोन कंट्रोलरना देण्याची पद्धतही टाळावी. एक कंट्रोलर पडला तरी निम्मी रेंज राहील, हा त्यामागचा विचार. पण दोन कंट्रोलरची सबनेटं वेगळी असतील तर रोजच्या दिवशी दर दहा-पंधरा पावलांवर सीमा येते. सलग भाग एका कंट्रोलरला द्या आणि आणीबाणीसाठी बॅकअप कंट्रोलर वेगळा नेमा.

६. अँकर आणि फॉरेन ही जोडी मनात पक्की करा

सबनेट ओलांडूनही पत्ता टिकवायची कल्पना जुनी आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये आरएफसी २००२ ने मोबाइल आयपी मांडलं: घरचा एजंट, परगावचा एजंट आणि मधे टनेल. घर बदललेल्या माणसाचं पत्र जुन्या पत्त्यावर येतं आणि पोस्टमन त्यावर नवा पत्ता घालून पुढे पाठवतो, तसंच हे. आजचे कंट्रोलर हेच काम उपकरणाला न कळू देता करतात. सिस्कोच्या भाषेत पहिला कंट्रोलर अँकर आणि नवा फॉरेन. आपला स्कॅनर डिस्पॅचला गेला तरी जगाच्या लेखी १०.२०.१.५७ अँकरपाशीच असतो. अँकर त्याचा डेटा टनेलने फॉरेनकडे पाठवतो.

परतीची वाटही त्याच टनेलने गेली पाहिजे. जुन्या पद्धतीत फॉरेन कंट्रोलर उपकरणाचा डेटा थेट स्थानिक नेटवर्कमध्ये सोडायचा. तिथल्या राउटरला १०.२०.२.० च्या दारातून १०.२०.१.५७ हा पत्ता येताना दिसायचा. खोट्या स्रोत-पत्त्यांना अडवण्याचा सल्ला आरएफसी २८२७ ने २००० साली दिला आणि शहाणे राउटर तो पाळतात, म्हणून ते पॅकेट टाकून द्यायचे. दोन्ही दिशांनी टनेल वापरणारी पद्धत यावरचा उपाय आहे. जुन्या यंत्रणेत ती चालू आहे ना हे पाहून घ्या.

७. सगळ्यांचा अँकर गेटवरच पडू देऊ नका

सकाळी कर्मचारी मुख्य दारातून आत येतात. खिशातला फोन लॉबीतल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला पहिल्यांदा चिकटतो, तिथला पत्ता घेतो आणि मग माणूस आपल्या जागेवर जातो. लॉबी वेगळ्या कंट्रोलरवर असेल तर सगळ्या कंपनीचा अँकर लॉबीचा कंट्रोलर होतो. दिवसभर प्रत्येकाचा डेटा आधी लॉबीला जाऊन मग बाहेर पडतो, लॉबीचे पत्ते संपतात आणि कार्यालयाचं सबनेट रिकामं राहतं. लॉबी, कॅन्टीन आणि पार्किंग त्याच कंट्रोलरला द्यावं जिथे माणसं दिवसाचा मोठा भाग काढतात. नकाशावर अ‍ॅक्सेस पॉइंट मोजताना माणसं कुठून आत येतात हेही पाहावं.

८. मोबिलिटी ग्रुपमध्ये एकेक अक्षर जुळलं पाहिजे

कंट्रोलर एकमेकांना ओळखतात ते मोबिलिटी ग्रुपमुळे. सिस्कोच्या कंट्रोलरवर एका ग्रुपमध्ये २४ पर्यंत कंट्रोलर बसतात. ग्रुपच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. सगळ्यांवर व्हर्च्युअल आयपी एकच हवा. पूर्वी तिथे सर्रास १.१.१.१ टाकत. एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने त्या पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सुरू केलं, तेव्हापासून तो वापरणं अयोग्य, १९२.०.२.१ टाकावा. व्हीलॅन सोडून एसएसआयडीच्या बाकीच्या सेटिंग, विशेषतः सुरक्षेच्या, दोन्हीकडे तंतोतंत सारख्या असाव्यात.

एक सापळा विशेष जपण्यासारखा आहे. काही कंट्रोलर सबनेट बदललं की नाही हे व्हीलॅनच्या क्रमांकावरून ठरवतात. दोन इमारतींत व्हीलॅन ११० आहे, पण त्यामागची सबनेटं वेगळी आहेत, अशी मांडणी असेल तर कंट्रोलरला वाटतं काहीच बदललं नाही. तो टनेल उभारत नाही आणि उपकरण जुना पत्ता घेऊन परक्या सबनेटमध्ये उभं राहतं. सगळ्या कॅम्पसमध्ये एका क्रमांकाला एकच सबनेट, हा नियम लिहून भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे.

९. कंट्रोल चालू म्हणजे डेटा चालू असं नाही

दोन कंट्रोलरच्या मधे फायरवॉल असेल तर हे आलंच. सिस्कोच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरवर नियंत्रण यूडीपी १६६६६ वरून जातं आणि डेटा इथरनेट-ओव्हर-आयपीने, ज्याचा प्रोटोकॉल क्रमांक ९७ आहे. तो टीसीपीही नाही आणि यूडीपीही, त्यामुळे फायरवॉलवाले १६६६६ उघडतात आणि ९७ राहून जातो. कंट्रोलर एकमेकांशी बोलतात, रोमिंग झाल्याची नोंद होते, पण वापरकर्त्याचं एकही पॅकेट पलीकडे जात नाही. एअरओएसवर एमपिंग नियंत्रणाची वाट तपासतं आणि ईपिंग डेटाची, दोन्ही चालवा. नव्या कॅटलिस्ट ९८०० वर डेटासाठी यूडीपी १६६६७ लागतो.

टनेलचं स्वतःचं वेष्टन पॅकेटला जाडी देतं, हेही लक्षात असू द्या. पिंग चालतं, लॉगिनही होतं, पण फोटो किंवा एक्स-रे उघडताना पडदा अडकतो, तेव्हा एमटीयूकडे पाहा. तुकडे न करण्याची खूण लावून मोठ्या आकाराचं पिंग द्या. १५०० च्या वाटेवर १४७२ बाइटचं पिंग जायला हवं, कारण उरलेले २८ बाइट हेडरचे असतात. टनेलच्या पलीकडून ते जात नसेल तर कारण सापडलं.

१०. झोपलेलं उपकरण रोमिंग करत नाही

टॅब्लेट एका इमारतीत बंद करून खिशात टाकला, चहा झाला, दुसऱ्या इमारतीत जाऊन उघडला. कंट्रोलर शांत उपकरणाची नोंद काही काळाने पुसतो. सिस्कोवर मूळ सेटिंग ३०० सेकंदांची असते. नोंद पुसली की अँकर संपला. टॅब्लेट नव्या ठिकाणी नवा म्हणून दाखल होतो, पण त्याच्या मनात जुना पत्ता असतो. तो डीएचसीपीला विचारतो, "हाच पत्ता चालेल ना?" सर्व्हर नीट असेल तर नकार कळवतो आणि टॅब्लेट नवा पत्ता घेतो. हा नकार देण्याचा अधिकार सर्व्हरला दिलेला नसेल, तर टॅब्लेट बराच वेळ जुन्याच पत्त्यावर अडून राहतो. ज्यांना आवाजाची किंवा सत्राची गरज आहे त्या एसएसआयडीसाठी हा शांततेचा काळ वाढवा, आणि सर्व्हरचा नकार प्रत्यक्ष पॅकेट पकडून पाहा.

११. पत्ता टिकला तरी किल्ली वेळेत मिळाली पाहिजे

फोनवर बोलताना जी.७११ कोडेक साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर पुन्हा संपूर्ण ८०२.१एक्स पडताळणी करायची झाली, आणि रेडियस सर्व्हर दुसऱ्या शहरात असला, तर शेकडो मिलिसेकंद जातात आणि वाक्यातला एखादा शब्द गळतो. २००८ सालच्या ८०२.११आर मुळे किल्लीची देवाणघेवाण जोडणीच्या चार फ्रेममध्येच उरकते आणि खंड साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत येतो.

मात्र किल्ली आणि पत्ता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ८०२.११आर चालू केलं म्हणून सबनेटचा प्रश्न सुटत नाही, आणि अँकर उभा केला म्हणून पडताळणी वेगवान होत नाही. दोन्ही वेगवेगळे तपासा. जुन्या स्कॅनरना ८०२.११आर उमगत नाही आणि ते जोडलेच जात नाहीत. त्यांना वेगळा एसएसआयडी द्यावा.

१२. शाखेत अँकर-फॉरेनची सोय गृहीत धरू नका

छोट्या शाखांत कंट्रोलर मुख्यालयात असतो आणि डेटा शाखेतल्या स्विचवरच उतरतो. सिस्कोच्या फ्लेक्सकनेक्टमध्ये अशा लोकल स्विचिंगवर सबनेट ओलांडणारं रोमिंग मिळत नाही. शाखेतल्या सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर एकच व्हीलॅन न्या, आणि प्रत्येक स्विचच्या ट्रंकवर तो आहे ना हे बघा.

१३. चालून पाहा, आणि त्यांच्याच उपकरणाने पाहा

तपासणी लॅपटॉपवर बसून होत नाही. ज्याची तक्रार आहे त्याचाच स्कॅनर किंवा फोन घ्या. पिंग दर सेकंदाला एक असतं, त्यात २०० मिलिसेकंदांचा खंड सहज लपतो. ते शंभर मिलिसेकंदांवर आणा. एक पिंग गेटवेला आणि एक खऱ्या सर्व्हरला चालू ठेवा. शेजारी दुसऱ्या लॅपटॉपवर वायरशार्कने हवेतल्या फ्रेम पकडा. रिअसोसिएशनच्या फ्रेममध्ये उपकरण आधी कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर होतं ते लिहिलेलं असतं, त्यामुळे रोमिंग नक्की कुठे झालं ते कळतं. प्रत्येक वेळी तीन गोष्टी नोंदवा: बीएसएसआयडी बदलला का, आयपी पत्ता तोच राहिला का, आणि कंट्रोलरवर अँकर-फॉरेनची भूमिका योग्य दिसते का.

जाऊन परतही या. परतल्यावर टनेल मिटला पाहिजे. तीन कंट्रोलर असतील तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जा. अँकर पहिलाच राहायला हवा. आणि हे सगळं शिफ्ट बदलताना, फोर्कलिफ्ट धावत असताना, रॅक भरलेले असताना करा. रिकाम्या गोदामातली तपासणी रिकाम्या गोदामापुरतीच खरी असते.

सबनेट ही आपण कागदावर ओढलेली रेघ आहे. औषधाची ट्रॉली ढकलणाऱ्या सिस्टरला ती दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. म्हणून या कामात येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे: ग्राहकाच्या हँडओव्हरच्या कागदावर सही करण्याआधी एकदा त्यांच्या वाटेने, त्यांचं उपकरण हातात घेऊन, कॉल चालू ठेवून चालून या. कॉल तुटला नाही आणि पत्ता बदलला नाही, तरच सही करा.